‘इपितर’ची दुसरी नक्कल

दिगंबरमामा गेल्याची बातमी दुपारी सव्वातीनला आली. फोन मामेभावाचा, सुधाकरचा होता. “बाबा गेले. जेवून खुर्चीत बसले होते, तसेच गेले,” एवढेच तो बोलला. मग त्याने विचारले, पेपरात चार ओळी द्यायच्या आहेत, काय लिहायचे? वर्तमानपत्रात उमेदवारी केलेल्या माणसाला घरच्या मृत्यूतही हे काम चुकत नाही. नाव, वय, निवृत्त नक्कलनवीस, मागे एक मुलगा, सून, नातवंडे आणि एक पणती. “परोपकारी, मनमिळाऊ” हे दोन शब्द सुधाकरला हवे होते, ते घातले. दुसऱ्या दिवशी ओळी छापून आल्या. त्यात चूक काही नव्हती. सहा आठवड्यांनी आज लिहितो आहे ते त्या चार ओळींत न आलेले.

मामा, म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, मूळचे सावरगावचे. मधे जाम नदी आणि पलीकडे पांढुर्णा, शाळा तिथली. मॅट्रिक झाल्यावर ते सरकारी कचेरीत नक्कलनवीस म्हणून लागले आणि पुढचे सगळे आयुष्य सौंसरला गेले. नक्कलनवीसाचे काम आजच्या वाचकाला सांगावे लागेल. यंत्रे नव्हती तेव्हा जुन्या कागदाची प्रत हवी असेल तर माणूस अर्ज करी, त्यावर तिकीट लावी. नक्कलनवीस दप्तरातून असल कागद काढून तो शब्दाला शब्द उतरवी, मुळाशी ताडून पाहिल्याचा शेरा लिही आणि खाली सही करी. त्याने मजकुरात काही वाढवायचे नाही, काही गाळायचे नाही, आणि स्वतःचे मत तर मुळीच घालायचे नाही. मामांना हे काम आवडत असे. बोलण्यातही ते तसेच होते. एखादा प्रसंग सांगताना कोण काय बोलले ते जसेच्या तसे सांगत, त्यावर आपले काही जोडत नसत.

अपवाद एका शब्दाचा. ‘इपितर’ हा शब्द निघाला की मामा स्वतःहून बोलू लागत. आमच्या भागात, म्हणजे सौंसर-पांढुर्ण्यापासून खाली सगळ्या वऱ्हाड-नागपुरात, तो शब्द लहानपणी प्रत्येकाने स्वतःविषयी ऐकलेला असतो. “लय इपितर पोट्टं हाय,” असे म्हणत आई पाठीत धपाटा घालते आणि तेच शेजारणीला सांगताना तिचा आवाज बदलतो. खोडकर म्हटले तर अर्थ कमी पडतो, बदमाश म्हटले तर जास्त होतो. दुसऱ्याची वस्तू नेतो त्याला चोर म्हणतात, खोटे बोलून फायदा काढतो त्याला लबाड म्हणतात, मारामाऱ्या करतो तो गुंड. इपितर माणसाला वस्तू नको असते, फायदाही नको असतो. त्याला कोणाची तरी फजिती हवी असते आणि ती पाहायला चार माणसे. ज्याच्यावर खरा राग आहे त्याला कोणी इपितर म्हणत नाही. मामा सांगत, “हरामखोर म्हटलं तं माणूस घरी जाऊन काठी आणते. इपितर म्हटलं तं हासते.” म्हाताऱ्या माणसाला हा शब्द सहसा लावत नाहीत, लावला तर त्याची बायकोच लावते, तेही माहेरच्या माणसांसमोर. आणि बाहेरगावच्याने तो वापरू नये. मामांच्या मते हा शब्द वापरायला समोरच्याला लहानपणापासून पाहिलेले असावे लागते.

त्यांच्या पिढीत सावरगावात हा शब्द एका माणसाच्या नावाला चिकटलेला होता. केशव. मामांचा वर्गमित्र, घर तिसरे. स्वातंत्र्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट आमच्या घरात पाचपन्नास वेळा सांगितली गेली असेल. पटवारी गावात वसुलीला आला की मुकद्दमाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, घरी जेवायला थांबे आणि जेवणानंतर ओसरीवर झोपे. घोडी बाहेर कडुलिंबाला बांधलेली असे. एका दुपारी केशवने ती सोडली आणि गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातली. मोकाट जनावरे कोंडायची ती जागा. कोंडवाड्याचा राखणदार नियमाचा पक्का होता. पटवारी घामाघूम होऊन आला तेव्हा त्याने घोडी द्यायला नकार दिला. “जनावर कोनाचं हाय याचा दाखला आना.” पटवारी म्हणाला, “अरे, माझं आहे.” राखणदार म्हणाला, “असन. पन दाखला लागते.” “दाखला कोण देतो?” “पटवारी देते.” …शेवटी पटवाऱ्याने कोंडवाड्याच्या दारात उकिडवे बसून, घोडी आपलीच आहे असा दाखला स्वतःला लिहून दिला. भोवती निम्मे गाव उभे होते. त्यानंतर तो त्या गावात जेवायला थांबला नाही.

पटवाऱ्याने तक्रार केली, म्हणून मुकद्दमाला रपोट लिहावा लागला. केशवने विचारताच कबूल केले होते. मुकद्दमाने पाच-सहा ओळी मराठीत लिहिल्या. घोडी कोणी नेली, कुठे कोंडली, सदर इसम इपितर आहे, समज देऊन सोडले. कागद वरच्या कचेरीत गेला, तिथे वाचणारा नागपूरकडचा होता, तो हसला, असे म्हणतात. कागद दप्तराला लागला. पुढे देश स्वतंत्र झाला. मामा नोकरीला लागले. केशवनेही मॅट्रिक केले आणि मोहगावच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत तो तात्पुरता मास्तर झाला. तो शिकवी छान. फळ्यावरचे त्याचे अक्षर पाहायला दुसऱ्या वर्गातली मुले येत. लग्न झाले, मोहगावात घर केले. आता फक्त नोकरी कायम व्हायची होती.

मग राज्ये नव्याने आखली गेली. छप्पनच्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली. बस त्याच रस्त्याने नागपूरला जात होती, संत्री आणि कापूस तिकडेच जात होते, पण कागद उलट दिशेने जाऊ लागले. सरकारी नोकरांत ते दिवस फार धास्तीचे होते. कोणाला कुठे पाठवतील, कोणाला ठेवतील, कोणाची चौकशी लावतील, रोज नवी अफवा येई. मराठी बोलणारे कारकून एकमेकांशीही हळू आवाजात बोलत. जुने मराठी कागद नव्या अधिकाऱ्यांना वाचता येत नसत, म्हणून लागेल त्या कागदाचा हिंदी उतारा करायचा हुकूम आला. दोन्ही भाषा नीट येणारे त्या कचेरीत एकटे मामा. नकलांसोबत उतारेही त्यांच्याकडे आले.

केशवची नोकरी कायम करण्याआधी त्याच्या चालचलणुकीची तपासणी झाली. दप्तरात त्याच्या नावावर एकच कागद निघाला, मुकद्दमाचा रपोट. तो उताऱ्यासाठी मामांच्या टेबलावर आला. पुढचे घरात ठरलेल्या शब्दांत सांगितले जाई. मामा ‘इपितर’पाशी थांबले. अधिकारी हिंदी मुलखातून नुकताच आलेला. माणूस वाईट नव्हता. त्याने विचारले, “क्या मतलब है इसका?” मामा म्हणाले, हिंदीत याला शब्द नाही. तो म्हणाला, काहीतरी तर असेल, मराठी शब्द उताऱ्यात ठेवू नका. आणि मामांनी लिहिले, ‘बदमाश’. पोलिसांच्या वहीत ज्याच्यावर नजर ठेवायची त्या माणसाला बदमाश म्हणत. शाळेच्या खात्यातल्या ज्या माणसाने तो उतारा वाचला त्याला शब्दाचा हा एवढा एकच अर्थ ठाऊक होता. महिन्याभरात केशवला पत्र आले. चालचलणूक समाधानकारक नसल्याने नेमणूक रद्द.

केशव कचेरीत आला. व्हरांड्यात दोघांचे झालेले बोलणे मामा सांगत, जसेच्या तसे.

“काय लिहिलं बे माह्याबद्दल?”

“जे होतं तेच लिहिलं.”

“अन् हिंदीत?”

“हिंदीत त्याले शब्दच नाई, केशव.”

“मंग साहेबाले समजावून सांगाचं ना, घोडीची गोष्ट सांगाची. तोही हासला असता.”

मामा हातातले कागद जुळवत राहिले. केशव म्हणाला, “आता लिहून देशील का, का चूक झाली म्हणून?” मामा म्हणाले, एक उतारा चुकला असे लिहून दिले तर माझ्या सहीचे सगळे कागद संशयात येतात, लोकांच्या शेतांचे कागद आहेत ते. केशवने त्यांच्याकडे पाहिले. मग हसला. “लय सुधरला बे तू, दिगू.” आणि गेला.

त्यानंतर दोघे बोलले नाहीत. केशव सौंसरच्या संत्रा बाजारात लागला. लाकडी पेट्यांवर काळ्या रंगाने व्यापाऱ्याचे नाव आणि गाव लिहायचे काम. त्या पेट्यांवरची अक्षरे मी पाहिली आहेत. ती अक्षरे संत्र्यांच्या पेट्यांवर शोभत नसत, इतकी चांगली होती. बाजारात सगळे त्याला मास्तरच म्हणत. मामा त्या रस्त्याने जात नसत. भाजी आणायला मामी जाई.

आमच्या घरात ही गोष्ट एका शब्दाची शोकांतिका म्हणून सांगितली गेली. एका भाषेतला शब्द दुसरीत गेला आणि एका माणसाची भाकर गेली. ऐकणारा हळहळे. मामा शेवटी म्हणत, “शब्दच नव्हता, काय करतो?” मीही वर्तमानपत्रात राज्य पुनर्रचनेवर लिहिताना, नावे न देता, हे उदाहरण दिले होते. वाचकांची पत्रे आली. मामांनी ते कात्रण ठेवले नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले होते. कारण विचारले नाही.

शेवटची भेट जाण्याआधी दीड महिन्याची. मामा खुर्चीत बसले होते. त्यांचा चष्मा सापडत नव्हता आणि घरभर शोध चालला होता. तो पिठाच्या डब्यात निघाला. चार वर्षांच्या पणतीने तो त्यात पुरून ठेवला होता आणि ती दाराआड उभी राहून सगळ्यांची धावपळ पाहत होती. तिची आई छिंदवाड्याकडची, घरात हिंदी बोलते. तिने पोरीला ओढून मांडीवर घेतले, पिठाळ हातानेच तिचा गाल धरला आणि म्हणाली, “बदमाश कहीं की! दादाजी का चश्मा आटे में छुपाया? बहुत बदमाश हो गई है!” आणि तिचा मुका घेतला.

मामांनी मला खुणेने जवळ बोलावले.

“ऐकलं का?”

“काय?”

“काय म्हणून राहिली ते.” मग म्हणाले, “साहेबाची मायही त्याले असंच म्हणत असन. तेव्हाही मालूम होतं मले. शब्दाचा काही दोष नव्हता रे. म्या सारी जिंदगी त्याच्यावर ढकललं.”

मी विचारले, मग दोष कशाचा? ते म्हणाले, “केशव जिता हाय ना? त्याले विचार.” मी म्हणालो, तुम्हीच चला, गाडी आहे, अर्ध्या तासात पोचू. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि चष्म्याच्या काचेवरचे पीठ धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. काच स्वच्छ झाल्यावरही पुसत होते. मी त्या आठवड्यात मोहगावला गेलो नाही. पुढच्याही नाही. कामे होती.

तेरावे झाल्यावर गेलो. केशवकाका नव्वदीला आलेले, एका डोळ्याने दिसत नाही. घरात नातवंडे हिंदीत बोलत होती. मी ओळख दिली, मामा गेल्याचे सांगितले. त्यांना कळले होते. “पेपरात वाचलं. मनमिळाऊ म्हणून लिहिलं हाय,” ते म्हणाले आणि हसले. नातसून चहा ठेवून गेली. मी मामांचे शेवटचे बोलणे सांगितले, शब्दाचा दोष नव्हता हे.

“नव्हताच,” ते म्हणाले. “बसा, दाखवतो.”

ते भिंतीला धरून आत गेले आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आले. घडीवर तो फाटला होता आणि मागून पातळ कापड चिकटवले होते. मुकद्दमाच्या रपोटाच्या हिंदी उताऱ्याची ती नक्कल होती. अक्षर मामांचे. मी ‘बदमाश’ शोधू लागलो. केशवकाकांनी कागदावर बोट ठेवले.

“तो शब्द राहू दे. त्याच्या खालची ओळ वाच.”

मी वाचली. ‘साथ में और कोई नहीं था, ऐसा कहता है।’

“दोघं होतो आम्ही,” केशवकाका म्हणाले. “मी घोड्याले भेत होतो लहानपणापासून. घोडी सोडली दिगूनं, लगाम धरून नेली त्यानं. मी पुढं चालत होतो, कोणी येते का पाहत. मुकद्दम माह्याकडे आला तं मी सांगितलं, एकटाच होतो. त्याचा बाप लय मारे त्याले.”

आता सगळे सरळ होते. इपितर म्हणजे काय हे अधिकाऱ्याला समजावायचे तर घोडीची गोष्ट सांगावी लागली असती. ती सांगितली असती तर त्याने पुढचा प्रश्न विचारला असता, तुला हे कसे ठाऊक? नोकऱ्यांची धास्ती होती त्या दिवसांत मामा त्या प्रश्नापर्यंत गेले नाहीत. खाली ती ओळ होती. ती खोटी आहे हे ठाऊक असलेली माणसे जगात दोन, त्यांतल्या एकाने ती हिंदीत उतरवली.

मी विचारले, “तुम्ही का नाही सांगितले?”

“कोनाले? साहेबाले? एकाची गेलीच होती. दोघाची कायले घालवाची?” त्यांनी चहा बशीत ओतला. “ते मी नसतं सांगितलं. ते त्यानं सांगाले पाहिजे होतं. नाई सांगितलं. त्या टायमाले नाई सांगितलं हे मी समजलो. साहेब डोक्यावर उभा, हाती कलम, घाईत माणूस लिहून जाते.”

“मग ही नक्कल कशाला घेतलीत? मजकूर तर तुम्हाला ठाऊक होता.”

“मले कागद नव्हता पाहिजे, बाबू. व्हरांड्यात आमचं बोलणं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी म्या अर्ज देल्ला. तिकीट लावलं. नक्कल मांगितली का ती कोन करीन? दिगूच करीन. म्हटलं, आता साहेब नाई, घाई नाई. एकटा बसन, माहं नाव वाचन, ही ओळ वाचन अन् पुन्हा आपल्या हातानं लिहाले घेईन. दुसऱ्यांदा काही लिहू शकणार नाई तो. थांबन. कागद तसाच टाकून माह्याकडे येईन.” त्यांनी बशी खाली ठेवली. “मी आठ दिवस घर सोडून कुठं गेलो नाई. बाजारात कामाले लागाचं होतं, तेही लांबवलं.”

“आणि?”

“टपालानं आली.”

बाहेर नातवंडांचा आरडाओरडा चालला होता. केशवकाकांनी तिकडे पाहिले नाही. मी कागद उजेडात धरला. शाई तपकिरी झाली आहे. वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यामधली ती ओळ इतरांसारखीच सरळ आहे, शब्दांमधली अंतरे सारखी आहेत, कुठे पेन उचलून पुन्हा टेकल्याची खूण नाही. तळाशी लिहिले आहे, ‘मिलान किया, सही पाया’, आणि त्याखाली मामांची सही.